परभाषकांची मराठी शाळा आणि तिचा शिक्षकवर्ग

सातारा जिल्ह्यातील वाई हे कृष्णाकाठचे गाव तेथील घाटांसाठी, ढोल्या गणपतीच्या मंदिरासाठी आणि शास्त्राभ्यासाच्या परंपरेसाठी साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. स्वामी केवलानंद सरस्वती यांची प्राज्ञपाठशाळा याच गावची. धर्मकोशाच्या व्यवहारकांडाचा पहिला भाग १९३७ साली येथूनच प्रसिद्ध झाला. पुढे मराठी विश्वकोशाचे संपादन याच गावातील गंगापुरीत होऊ लागले आणि जगातील नानाविध शास्त्रांचे ज्ञान मराठीत आणण्याचे कार्य वाईशी कायमचे जोडले गेले.

वाईचा आणखी एक लौकिक आहे. थंडीच्या अखेरीस येथील निरनिराळ्या आळ्या आपापल्या घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव करतात. नदीला देवी मानून घाटावर आणले जाते. कीर्तने, भोजने आणि ओटी भरण्याचे कार्यक्रम होतात. या उत्सवाची ओळख इंग्रजी वाचकांना प्रामुख्याने झाली ती अ‍ॅन फेल्डहाऊस या अमेरिकन विदुषीच्या लेखनातून. महाराष्ट्रातील नद्यांचा धार्मिक अर्थ उलगडून दाखविणारा त्यांचा ग्रंथ १९९५ साली प्रकाशित झाला. सातासमुद्रापलीकडून आलेल्या अभ्यासकाला घाटावरील स्त्रियांशी त्यांच्याच भाषेत बोलता येते, कीर्तनकाराचा विनोद कळतो, पुराणातील कथा आणि लोकांच्या तोंडची कथा यांतील फरक जाणवतो, ही गोष्ट सहजसाध्य नव्हे. तीमागे भाषेचे दीर्घ अध्ययन असते, आणि अध्ययन म्हटले की ते शिकविणारेही आले.

परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकविण्याचे जे उपक्रम गेल्या सहा दशकांत पुण्यात आणि सातारा जिल्ह्यातील फलटण येथे चालले, त्यांतून पदवी मिळवून परतलेल्यांची नावे ग्रंथांवर झळकली. त्यांना शिकविणारे, सांभाळणारे आणि त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडणारे लोक मात्र बहुधा प्रस्तावनेतील आभारापुरतेच राहिले. वास्तविक अशा उपक्रमाचे खरे भांडवल म्हणजे त्याचा स्थानिक कर्मचारीवर्ग होय. विद्यार्थी एका सत्रापुरता येतो. शिक्षक वर्षानुवर्षे तेथेच असतो. त्याची उमेदवारी, लग्नकार्ये, पदव्या आणि निवृत्ती या साऱ्या घटना त्या उपक्रमाच्याच काळात घडत असतात.

उपक्रमांचा प्रारंभ

अमेरिकन विद्यापीठांनी एकत्र येऊन १९६१ साली भारतविषयक अध्ययनासाठी ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ ही संस्था स्थापन केली. प्रारंभी तिचे भारतातील मुख्य ठाणे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. संस्थेचे काम वाढण्यास एक आर्थिक कारणही होते. अमेरिकेच्या १९५४ सालच्या सार्वजनिक कायदा क्रमांक ४८० अन्वये भारताला धान्य मिळे आणि त्याची किंमत येथेच रुपयांत जमा होई. या रुपयांपैकी काही वाटा विद्याविषयक कामासाठी खर्च होऊ लागला. याच रकमेतून अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने १९६२ पासून भारतीय भाषांतील ग्रंथ खरेदी करून तेथील ग्रंथालयांना पुरविले. अमेरिकेतील विद्यापीठांच्या कपाटांत मराठी कादंबऱ्या, चरित्रे आणि नियतकालिके जाऊन बसली ती या मार्गाने. पुस्तके गेली, तेव्हा ती वाचू शकणारे विद्यार्थी तयार करणे ओघानेच आले.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील महाविद्यालयांच्या ‘असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट’ या संघटनेने १९६९ साली पुण्यात आपला भारत-अध्ययन उपक्रम सुरू केला. पदवीपूर्व वर्गातील विद्यार्थी काही महिन्यांसाठी येत, मराठीचे पाठ घेत, पुण्यातील कुटुंबांत राहत आणि एखाद्या विषयावर स्वतंत्र अभ्यास करून निबंध लिहीत. संशोधक आणि पदवीपूर्व विद्यार्थी या दोन वर्गांच्या गरजा भिन्न. पहिल्याला जुनी पोथी वाचावयाची असते. दुसऱ्याला मंडईत भाजी घेता आली आणि घरच्या आजीशी चार शब्द बोलता आले तरी मोठे समाधान होते. दोघांनाही शिकविणारा शिक्षक मात्र मराठीच्या नेहमीच्या शिक्षकाहून निराळ्या तयारीचा असावा लागतो.

अध्यापनाची निराळी वाट

मराठी घरात वाढलेल्या मुलाला शाळेत व्याकरण शिकवितात तेव्हा भाषा त्याला आधीच येत असते. परभाषक विद्यार्थी कोऱ्या पाटीने येतो आणि जे आपण कधी लक्षात घेतलेले नाही त्याविषयी प्रश्न विचारतो. ‘चार’ या शब्दातील ‘च’ आणि ‘चाक’ या शब्दातील ‘च’ लिहिण्यात एकच असून उच्चारात वेगळे का? वही ‘ती’, कागद ‘तो’ आणि पुस्तक ‘ते’ कशावरून ठरते? ‘मी भात खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ या वाक्यांत खाणारा तोच असताना क्रियापद का बदलते? भूक लागते ती ‘मला’, राग येतो तोही ‘मला’. मग या वाक्यांत ‘मी’ गेला कोठे?

यांपैकी प्रत्येक प्रश्नाला नियमाचे उत्तर देता येते. पण नियम पाठ करून बोलता येत नाही. म्हणून शिक्षकाला एकाच घाटाची वीस-पंचवीस वाक्ये रचावी लागतात, ती विद्यार्थ्यांकडून पुनःपुन्हा वदवून घ्यावी लागतात आणि प्रत्येक वेळी नव्या उत्साहाने ऐकावी लागतात. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद तर शिष्टाचाराचाच धडा ठरतो. घरी आलेल्या पाहुण्यास ‘आम्ही आता जेवणार’ असे म्हटले तर तो पानावरून वगळला जातो. ‘आपण आता जेवू’ म्हटले की त्याचेही पान मांडले जाते. कोणाला ‘तू’ म्हणावे, कोणाला ‘तुम्ही’, शेजारच्या बाईंना ‘काकू’ म्हणावे की ‘वहिनी’, हे कोणत्याही कोष्टकात बसत नाही. ते घरात राहूनच कळते.

या कारणास्तव यजमान कुटुंबे ही अशा उपक्रमाची दुसरी वर्गखोलीच ठरतात. सकाळी वर्गात शिकविलेले वाक्य संध्याकाळी स्वयंपाकघरात पारखले जाते. यजमानीण बाई पगारी शिक्षिका नसतात; परंतु ‘वाढू का?’ या प्रश्नाला ‘नको’, ‘पुरे’ आणि ‘थोडेसे चालेल’ या उत्तरांतील अंतर त्याच शिकवितात. सणवार, श्राद्धपक्ष, मुलीचे लग्न, नातवाचे बारसे या प्रसंगी परका विद्यार्थी घरचा होतो आणि त्याच्या वहीत एकदम शेकडो शब्दांची भर पडते.

फलटणची जोडगोळी

या क्षेत्रातील सर्वांत भरीव काम सातारा जिल्ह्यातील फलटण या तालुक्याच्या गावी झाले, ही गोष्ट जिल्ह्याला भूषणावह आहे. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकेच्या. १९६१ साली त्या प्रथम भारतात आल्या आणि काही काळ त्यांनी हैदराबादेत अध्यापन केले. पुढे पेनसिल्व्हानिया विद्यापीठात भाषाशास्त्राचा अभ्यास करताना त्यांनी संशोधनासाठी फलटणची निवड केली आणि १९६६ पासून त्यांचा या गावाशी संबंध जडला. फलटणच्या बोलीत जातीनुसार, शिक्षणानुसार आणि प्रसंगानुसार पडणारे फरक हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९७३ साली त्यांना विद्यावाचस्पती ही पदवी मिळाली.

पदवी मिळाली की संशोधक मायदेशी परतून अध्यापकपद स्वीकारतो, ही सर्वमान्य रीत. बर्नसन यांनी ती पाळली नाही. त्या फलटणलाच राहिल्या आणि १९७८ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. अमेरिकन विद्यार्थ्यांना मराठी शिकविण्याच्या कामाशी त्या अनेक वर्षे निगडित होत्या.

या कामात त्यांना जाई निंबकर यांची जोड मिळाली. जाई निंबकर या समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या कन्या. इंग्रजीतून कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या आणि विवाहानंतर फलटणच्या झालेल्या. एकीची मातृभाषा इंग्रजी, दुसरीची मराठी. एकीचे शिक्षण भाषाशास्त्राचे, दुसरीचा पिंड लेखिकेचा. या दोघींनी मिळून मराठीचे संदर्भ-व्याकरण आणि विद्यार्थ्यांसाठी मूलभूत मराठी-इंग्रजी शब्दकोश ही पुस्तके १९७५ साली सिद्ध केली. वाक्यरचनेचे सराव आणि पुढील पायरीवरील विद्यार्थ्यांसाठी वाचनपाठ यांचीही त्यांना जोड मिळाली. मराठी शिकू इच्छिणाऱ्या इंग्रजी भाषकाच्या हाती हीच पुस्तके दीर्घकाळ राहिली.

या पुस्तकांचे महत्त्व एका साध्या गोष्टीत आहे. रोज वर्गात उभे राहणाऱ्यांनी ती लिहिली. विद्यार्थी कोठे अडखळतो, कोणती चूक तिसऱ्या महिन्यातही सुटत नाही, कोणता शब्द पहिल्याच आठवड्यात लागतो, हे शिकविल्याशिवाय उमगत नाही. एरवी शिक्षकाचे हे अनुभवजन्य ज्ञान त्याच्या निवृत्तीबरोबर निवृत्त होते. फलटणला ते कागदावर उतरले आणि त्यावर शिक्षकांची नावे लागली.

वर्गाबाहेरचा संसार

फलटणच्या कामाला पुढे आणखी एक फांदी फुटली. परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवीत असताना गावातील दलित आणि गरीब वस्त्यांमधील मुले शाळेत जाऊनही वाचू शकत नाहीत, ही वस्तुस्थिती बर्नसन यांच्यापुढे होती. ज्यांची मातृभाषा मराठी त्यांनाच मराठी लिहिता-वाचता येऊ नये, हा विरोधाभास त्यांना स्वस्थ बसू देईना. वस्तीतील मुलांसाठी सुरू झालेल्या वर्गांतून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था नोंदविली गेली आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली.

शाळेला ज्यांचे नाव देण्यात आले त्या कमला निंबकर याही जन्माने अमेरिकन. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या आणि व्यवसायोपचाराच्या शिक्षणाचा पाया त्यांनी मुंबईत घातला. जाई निंबकर यांच्या त्या सासूबाई होत. एका कुटुंबात अमेरिकेहून आलेली सून सासू झाली, तिच्या घरी पुण्याची सून आली आणि त्या सुनेने अमेरिकन मैत्रिणीबरोबर मराठीचे व्याकरण लिहिले, असा हा योग आहे. लग्न, स्थलांतर आणि नागरिकत्व या खासगी घटना येथे एका विद्याकार्याच्या टप्प्यांशी एकरूप झालेल्या दिसतात.

असाच अनुबंध अन्य अभ्यासकांच्या बाबतीतही आढळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीवर १९६९ साली प्रबंध पूर्ण करणाऱ्या एलिनॉर झेलियट यांनी त्याच वर्षी अमेरिकेतील कार्लटन महाविद्यालयात अध्यापन सुरू केले. हे महाविद्यालय पुण्यातील उपक्रम चालविणाऱ्या संघटनेपैकी एक. १९९७ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी अनेक विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या वाटेला लावले. बर्नसन यांच्यासह त्यांनी संपादिलेला महाराष्ट्रातील धर्मजीवनावरील लेखसंग्रह १९८८ साली प्रकाशित झाला. २०१६ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा महाराष्ट्रातही त्यांच्याविषयी आपुलकीने लिहिले गेले.

सहकाऱ्याचे नाव

जुन्या मराठीचे अभ्यासक डॉ. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी मिळून प्राचीन मराठीचा कोश हाती घेतला होता. १९९४ साली तुळपुळे यांचे निधन झाले. काम थांबले नाही. १९९९ साली कोश प्रसिद्ध झाला आणि मुखपृष्ठावर तुळपुळे यांचे नाव प्रथम आले. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यासाठी आयुष्याची अनेक वर्षे वेचली. १९९२ साली त्यांचे आकस्मिक निधन झाले. त्यांच्या संग्रहातील दोन दीर्घ ओव्या २०१४ साली इंग्रजी अनुवादासह ग्रंथरूपात आल्या, तेव्हा फेल्डहाऊस यांच्या जोडीला रामदास अटकर आणि राजाराम झगडे ही नावेही ग्रंथावर होती.

ओवी ऐकून ती अक्षरशः उतरविणे, तीतील बोलीचे शब्द उलगडणे, कोणता देव कोणत्या डोंगरावरचा हे सांगणे, ही कामे स्थानिक सहकाऱ्यावाचून होत नाहीत. त्यांना ‘साहाय्यक’ म्हणण्याचा प्रघात होता. ग्रंथावर नाव येणे ही अशा सहकाऱ्याच्या आयुष्यातील पदवीइतकीच मोलाची घटना होय.

वाईचा दाखला

येथे पुन्हा वाईकडे वळणे उचित ठरेल, कारण दीर्घकाळ एकाच ठिकाणी टिकलेल्या विद्याविषयक कर्मचारीवर्गाचे उत्तम उदाहरण तेथे आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. विश्वकोशाचे काम या मंडळाकडे होते. १९८० साली त्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमण्यात आले. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली. या चार दशकांत संपादक, लेखक, चित्रकार, मुद्रितशोधक आणि लिपिक यांच्या जवळजवळ दोन पिढ्या त्या कामात वावरल्या. समीक्षक रा. ग. जाधव १९७० ते १९८९ अशी एकोणीस वर्षे वाईस होते. तर्कतीर्थ १९९४ साली निधन पावेपर्यंत प्रमुख संपादक होते, त्यांच्यानंतर मे. पुं. रेगे यांनी ती धुरा वाहिली. माणसे बदलली, पण कोश पूर्ण झाला. कारण पद होते, वेतन होते, निवृत्तिवेतन होते आणि एकाने दुसऱ्याला काम शिकविण्यास अवधी होता.

परभाषकांना मराठी शिकविणाऱ्यांची स्थिती याहून भिन्न असते. त्यांचे मानधन सामान्यतः सत्राशी बांधलेले. विद्यार्थी किती येणार, हे दूरदेशीच्या महाविद्यालयांच्या अंदाजपत्रकावर आणि तेथील तरुणांच्या आवडीनिवडीवर अवलंबून. धान्याच्या रुपयांचा हिशेब १९७४ सालच्या करारान्वये बव्हंशी मिटला, तेव्हा तो निधीही कालांतराने आटणारच होता. इंग्रजीने भागते, मग मराठी कशाला, असे म्हणणारा विद्यार्थीही येतो. अशा वेळी वीस वर्षे शिकविलेल्या शिक्षकाजवळ जे कसब साठलेले असते त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. शिक्षक दुसऱ्या व्यवसायास लागला की ते कसब विखुरते आणि पुढच्या शिक्षकाला पहिल्या धड्यापासून प्रारंभ करावा लागतो.

पुढील दिशा

ही विद्या आज पूर्वीपेक्षा अधिक निकडीची झाली आहे. महाराष्ट्रात अन्य राज्यांतून आलेले लक्षावधी लोक राहतात. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुले घरात मराठी ऐकतात, पण इंग्रजीत विचार करतात. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रेरणेने उत्तर अमेरिकेत मराठी शाळा चालतात. तेथील मुलाची अडचण ही मराठी शाळेतील मुलाची नसून, पुण्या-फलटणला आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्याची अडचण असते. ‘मी भूक आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाला ‘मला भूक लागली’ म्हणावयास कसे शिकवावे, याचे उत्तर फलटणच्या व्याकरणात अर्ध्या शतकापूर्वीच लिहून ठेवलेले आहे. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने अमराठी भाषकांसाठी तयार केलेला ‘माय मराठी’ हा अभ्यासक्रम याच दिशेचे पुढचे पाऊल होय.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. महानुभावांचे हे क्षेत्र. तेथील गोविंदप्रभूंच्या लीळांचा फेल्डहाऊस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८४ सालचा आहे. भाषेचा गौरव जुन्या ग्रंथांमुळे होतो आणि तिचा विस्तार शिकविणाऱ्यांमुळे होतो. परभाषकांना मराठी शिकविणाऱ्या शिक्षकास निश्चित पद, प्रशिक्षण आणि आपल्या अनुभवाचे पाठ्यपुस्तक करण्यास अवधी मिळाला, तर वाईच्या विश्वकोशाप्रमाणे हेही काम पिढ्यान्पिढ्या चालू राहील. पुणे आणि फलटण येथील जुन्या शिक्षकांच्या, यजमान कुटुंबांच्या आणि क्षेत्रीय सहकाऱ्यांच्या आठवणी, टिपणे व सरावपाठ वेळीच एकत्र करणे ही त्याची पहिली पायरी ठरेल. तसे झाल्यास कृष्णाकाठी पुढील उत्सवास येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला घाटावरील आजीबाईंशी बोलण्यासाठी दुभाष्या शोधावा लागणार नाही.